तिसऱ्या वर्षाचे दार

(पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला 'अमेरिकेतील उच्च शिक्षण' हा विषय दिला होता. विषय अफाट आहे आणि माझ्या हाती तासाभराचा वेळ आहे. म्हणून त्या विषयाचा एकच कोपरा मी आज निवडला आहे. एखाद्या साध्या महाविद्यालयात दोन वर्षे शिकलेला विद्यार्थी आपली दोन वर्षांची कमाई गाठीला बांधून एखाद्या नामांकित, मोजक्यांनाच घेणाऱ्या विद्यापीठाकडे जातो आणि थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश मागतो. तिकडे त्याला 'ट्रान्सफर' म्हणतात. कॅलिफोर्नियातील एका सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजात मी बरीच वर्षे गणित शिकवले. दर नोव्हेंबरात माझ्या खोलीबाहेर अर्जाचे कागद घेऊन ताटकळणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी काहींना मी मदत केली आणि एकीचे नुकसानही केले. त्याविषयी पुढे सांगेनच.

हा विषय आपल्या चळवळीला परका आहे असे कोणी समजू नये. असहकाराच्या हाकेला ओ देऊन पाटण्याचे कॉलेज सोडलेला एक तरुण ऑक्टोबर १९२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरला. खिशात पैसे नव्हते, म्हणून फीची रक्कम जमेपर्यंत त्याने कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मजुरी केली आणि १९२३ च्या आरंभी बर्कलेला नाव घातले. पुढे तेथील फी वाढली, ती झेपेना, तेव्हा तो फी कमी म्हणून आयोवाला गेला. तेथून विस्कॉन्सिन, आणि शेवटी ओहायो राज्य विद्यापीठ. वाटेत भांडी घासली, कारखान्यांत राबला, विज्ञान सोडून समाजशास्त्राकडे वळला, मार्क्सवाद शिकला, आणि एम. ए. होऊन १९२९ साली मायदेशी परतला. हा तरुण म्हणजे आपले जयप्रकाशजी. १९३२ साली नाशिकच्या तुरुंगात ज्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली, त्या चर्चांमागे चार विद्यापीठांतून फिरलेल्या या विद्यार्थ्याची शिदोरी होती. त्यांनी विद्यापीठे बदलली ती बव्हंशी पैशाच्या अडचणीमुळे. तरीही एका ठिकाणचे शिक्षण दुसऱ्या ठिकाणी मानले गेले, म्हणून ते पदवीपर्यंत पोहोचू शकले. ही मान्यता मिळाली नसती तर बर्कले सुटले त्या दिवशी त्यांचे औपचारिक शिक्षणही सुटले असते.

जयप्रकाशजींच्या वेळी हा ज्याच्या त्याच्या हिंमतीचा आणि नशिबाचा मामला होता. पुढे कॅलिफोर्निया राज्याने त्याला धोरणाचे रूप दिले. १९६० साली तेथे उच्च शिक्षणाचा बृहद् आराखडा तयार झाला. क्लार्क केर हे त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि या आराखड्यामागचे प्रमुख डोके त्यांचेच. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांची प्रचंड लाट महाविद्यालयांच्या दारी येऊन ठेपली होती. सर्वांना बर्कलेत घेणे शक्य नव्हते आणि सर्वांना परत पाठवणे लोकशाही राज्याला शोभणारे नव्हते. आराखड्याने तीन पायऱ्या केल्या. शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांशांना कॅलिफोर्निया विद्यापीठ. वरच्या एक-तृतीयांशांना राज्य महाविद्यालये, म्हणजे आजचे कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ. आणि शिकण्याची इच्छा असलेल्या कोणालाही दोन वर्षांचे, घराजवळचे कॉलेज. आजच्या भाषेत हेच कम्युनिटी कॉलेज.

आता तुम्ही म्हणाल, ही तर उतरंड झाली! अठराव्या वर्षी मुलांना तीन वर्गांत वाटायचे आणि तळच्या पायरीला 'लोकांचे कॉलेज' असे गोड नाव द्यायचे. हा आक्षेप खरा आहे, आणि आराखड्याच्या कर्त्यांनाही तो सुचला असला पाहिजे. कारण त्यांनी तिन्ही पायऱ्यांना जोडणारे एक दार ठेवले. तळच्या कॉलेजात दोन वर्षे नीट पार पाडणाऱ्याला वरच्या विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जागा मिळाली पाहिजे, हे ते दार. एवढ्यावर ते थांबले नाहीत. दार उघडे आहे असे म्हणणे सोपे. आत बसायला बाक आहे का, हे पाहावे लागते. म्हणून आराखड्याने असे प्रमाण सुचवले की वरच्या दोन संस्थांमधील एकूण पदवी-विद्यार्थ्यांपैकी पहिल्या दोन वर्षांत ४० टक्के असावेत आणि शेवटच्या दोन वर्षांत ६० टक्के.

हे प्रमाण मला सबंध आराखड्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, म्हणून त्याचे गणित करून दाखवतो. शंभर विद्यार्थी धरा. पहिल्या दोन वर्षांत ४०, म्हणजे वर्षाला २०. शेवटच्या दोन वर्षांत ६०, म्हणजे वर्षाला ३०. खालून एकही विद्यार्थी गळाला नाही असे मानले तरी तिसऱ्या वर्षाच्या ३० जागांपैकी १० जागा बाहेरून आलेल्यांनीच भरायच्या आहेत. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या एक-तृतीयांश जागा विद्यापीठाला स्वतःच्या पहिल्या वर्षातून भरताच येत नाहीत. दयेचा किंवा सदिच्छेचा येथे संबंध येत नाही, कारण रिकामे बाक आधीच मोजून ठेवलेले आहेत. २०१५ साली राज्यपाल आणि विद्यापीठ यांच्यात झालेल्या समझोत्यातही हेच तत्त्व पुन्हा आले: पहिल्या वर्षाच्या दर दोन नव्या विद्यार्थ्यांमागे ट्रान्सफरचा एक.

परिणाम काय झाला? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ-शाखेत अलीकडच्या वर्षांत पहिल्या वर्षासाठी अर्ज करणाऱ्या शंभरांपैकी सुमारे नऊ जणांना प्रवेश मिळतो. ट्रान्सफरसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी मात्र सुमारे एक-चतुर्थांशांना मिळतो. आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात ट्रान्सफरने येणाऱ्यांपैकी फार मोठा हिस्सा राज्यातील कम्युनिटी कॉलेजांतूनच येतो. याच्याशी खासगी विद्यापीठांची तुलना करून पाहा. प्रिन्स्टनने अशा विद्यार्थ्यांना घेणे १९९० च्या सुमारास बंद केले होते ते २०१८ साली पुन्हा सुरू केले. त्या वर्षी १,४२९ अर्ज आले आणि १३ जणांना प्रवेश देऊ केला गेला. त्या तेरांत माजी सैनिक आणि गरीब घरची मुले असावीत असा संस्थेचा हेतू होता आणि तो चांगलाच म्हटला पाहिजे. परंतु तेरा जणांच्या दाराला धोरण म्हणता येत नाही.

आता हा अर्ज प्रत्यक्षात कसा होतो ते पाहू. कारण मोठी तत्त्वे शेवटी तारखांत आणि रकान्यांतच उतरतात.

विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षाच्या लायकीचे, म्हणजे सत्रपद्धतीने ६०, श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. अर्जाच्या वेळी ते सर्व हाती असण्याची गरज नाही, पण प्रवेशाआधीच्या वसंत सत्राअखेर पुरे झाले पाहिजेत. त्यांत इंग्रजी लेखनाचे दोन आणि गणिताचा एक अभ्यासक्रम अनिवार्य असतो आणि चार अभ्यासक्रम इतर ज्ञानशाखांतले असतात. याखेरीज ज्या विषयाची पदवी हवी त्याची पूर्वतयारी वेगळी. अर्ज १ ऑक्टोबर ते नोव्हेंबरअखेर द्यायचा. जानेवारीत शरद सत्राचे गुण कळवायचे. एप्रिलअखेर निकाल, आणि १ जूनच्या आत विद्यार्थ्याने होकार द्यायचा. नऊपैकी सहा शाखा ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्याला प्रवेशाची हमीही देतात. तो अर्ज सप्टेंबरातच करावा लागतो आणि एकाच शाखेसाठी करता येतो. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो या तीन शाखा अशी हमी देत नाहीत. गरीब विद्यार्थ्याला चार शाखांपर्यंत अर्जाची फी माफ असते.

अर्जात चार प्रश्नांची उत्तरे लिहायची असतात, प्रत्येकी साडेतीनशे शब्दांच्या आत. ट्रान्सफरच्या विद्यार्थ्याला त्यांतला एक प्रश्न टाळता येत नाही: तुम्ही निवडलेल्या विषयासाठी तुम्ही स्वतःला कसे तयार केले? खासगी विद्यापीठे बहुधा प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठ सर्वसाधारणपणे ती मागत नाही. याचे महत्त्व आपल्या लोकांना चटकन कळेल. जेथे शिफारस लागते तेथे ओळख लागते, आणि ओळख ही गरिबाकडे सर्वांत कमी असलेली दौलत होय.

तथापि या सर्व यंत्रणेचे हृदय अर्जात नाही. ते एका तक्त्यात आहे. कोणत्या कम्युनिटी कॉलेजातील कोणता अभ्यासक्रम विद्यापीठाच्या कोणत्या शाखेत, कोणत्या विषयासाठी, कशाच्या बदल्यात मानला जाईल, याचे सार्वजनिक कोष्टक तेथे सर्वांना पाहायला मिळते. १९८५ पासून ही व्यवस्था आहे. शेतमजुराच्या मुलीला आणि वकिलाच्या मुलाला तेच कोष्टक दिसते. 'तुमचे गणित आमच्या गणितासारखे नाही' असे कोणा विभागप्रमुखाला प्रवेशाच्या दिवशी ऐन वेळी सांगता येत नाही. त्याला ते आधीच, लेखी सांगावे लागते. नोकरशाहीच्या लहरीवर याहून चांगला लगाम मी पाहिलेला नाही.

आणि येथेच माझ्या चुकीची गोष्ट येते.

आमचे कॉलेज राज्याच्या मध्यभागातल्या शेतीच्या खोऱ्यात होते. ज्या खोऱ्यात १९६५ साली फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी द्राक्षमळ्यांतला तो प्रसिद्ध संप सुरू केला आणि पाच वर्षे चालवला, तेच हे खोरे. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे आईवडील द्राक्षांच्या आणि बदामांच्या बागांत कामाला होते. वडील पाणी देण्याचे काम करीत. तिला स्थापत्य अभियंता व्हायचे होते. गणितात ती पक्की होती. दुसऱ्या वर्षी तिला रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणे हे विषय हवे होते. त्या वर्षी विद्यार्थीसंख्या भरली नाही म्हणून आमच्या कॉलेजाने तो वर्गच रद्द केला. ती मला विचारायला आली. मी कोष्टक उघडून पाहिले नाही. माझ्या अनुभवावर विसंबून तिला म्हणालो, "काळजी करू नकोस, तो विषय तू तेथे गेल्यावर तिसऱ्या वर्षात करशील."

अर्जाच्या उत्तरांचा मसुदा घेऊन ती नोव्हेंबरात आली, तेव्हा तिने एक प्रश्न विचारला तो मी विसरलो नाही. तिला कोणीतरी सांगितले होते की आपल्या हालअपेष्टा लिहाव्यात, त्याने वाचणाऱ्याचे मन द्रवते. ती म्हणाली, "प्रवेशासाठी मी माझ्या वडिलांची गरिबी विकायची का?" मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग तिला म्हणालो, "तू काय सोसलेस ते राहू दे, तू काय केलेस ते लिही." तिने लिहिले की सरीतून वाहणारे पाणी शेवटच्या झाडापर्यंत किती वेळात पोहोचते हे ती वडिलांबरोबर घड्याळ लावून मोजत असे, त्याच्या नोंदी एका वहीत ठेवीत असे, आणि कुठल्या सरीत पाणी मुरून वाया जाते हे त्या नोंदींवरून तिने वडिलांना दाखवून दिले होते. त्यात दारिद्र्याचा शब्दही नव्हता. वाचणाऱ्याला ते दिसत होतेच.

एप्रिलमध्ये तिने मागितलेल्या शाखेचा नकार आला. अभियांत्रिकीसाठी तो रद्द झालेला विषय प्रवेशाआधीच पुरा असणे आवश्यक होते. कोष्टकात ते स्पष्ट छापलेले होते. तिचे गुण उत्तम होते, उत्तरे उत्तम होती. कमी पडला तो मी आणि कमी पडला तो रद्द झालेला वर्ग. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातल्या कॉलेजात आठवड्यातून दोन संध्याकाळी मोटारीने जाऊन तिने तो विषय पुरा केला, पुन्हा अर्ज केला आणि तिला प्रवेश मिळाला. पण एक वर्ष गेले. ज्या घरात दोघांची मजुरी हंगामावर अवलंबून असते त्या घरात एका वर्षाची किंमत काय होते, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्या दिवसानंतर कोष्टक समोर उघडल्याशिवाय मी कोणालाही सल्ला दिला नाही.

ही एका मुलीची गोष्ट असती तर मी ती येथे सांगितली नसती. एका ठिकाणचे श्रेयांक दुसरीकडे न मानले जाणे हा त्या देशातला मोठा रोग आहे. अमेरिकेच्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली एक अहवाल दिला. २००४ ते २००९ या काळात संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या श्रेयांकांपैकी सरासरी सुमारे ४३ टक्के गमावले, असा त्याचा अंदाज आहे. ४३ टक्के! मजुराने दहा दिवस काम करावे आणि मुकादमाने त्यातले चार दिवस खाडे म्हणून लिहावेत, तसा हा प्रकार आहे. या गमावलेल्या श्रेयांकांसाठी कोणीतरी फी भरलेली असते, कोणीतरी रात्रपाळी केलेली असते.

कॅलिफोर्नियात कोष्टक आहे, प्रमाण आहे, तारखा आहेत. तरीही तेथील चित्र समाधानकारक नाही. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ साली दाखवून दिले की २०१७ ते २०१९ दरम्यान ट्रान्सफरचा हेतू मनात धरून कम्युनिटी कॉलेजात आलेल्या विद्यार्थ्यांपैकी चार वर्षांत खरोखर वर गेलेले पाचांत एक एवढेच होते. बाकीचे चार कुठे गेले? काही गणिताच्या 'तयारी'च्या वर्गांत अडकले. हे वर्ग शाळेचेच गणित पुन्हा शिकवीत आणि त्यांचे श्रेयांक वर धरले जात नसत. मुले एकामागून एक असे वर्ग करून थकत आणि घरी बसत. २०१७ च्या कायद्याने त्यांना लगाम घातला. काहींच्या कॉलेजात हवा तो वर्गच निघत नव्हता. काहींना कोणी वाट दाखवणारे नव्हते. शहरांजवळच्या, सुस्थितीतल्या भागांतील कॉलेजे फार मोठ्या संख्येने विद्यार्थी वर पाठवतात. शेतीच्या खोऱ्यातली आणि डोंगराळ भागातली कॉलेजे फार कमी. दार एकच असले तरी त्याच्यापर्यंतचा रस्ता सर्वांना सारखा नाही.

याच्या मुळाशी पैशाचे राजकारण आहे. १९६० च्या आराखड्यामागे शिकवणीची फी न घेण्याची परंपरा होती. १९७० च्या सुमारास, रोनाल्ड रेगन राज्यपाल असताना, विद्यापीठात 'शैक्षणिक शुल्का'च्या नावाने ती मोडली. १९७८ साली मतदारांनी मालमत्ता कराला कमाल मर्यादा घालणारा ठराव संमत केला आणि स्थानिक करांवर जगणाऱ्या कम्युनिटी कॉलेजांचा आधार खचला. १९८४ पासून त्यांनीही फी घ्यायला सुरुवात केली. आज ती एका श्रेयांकाला ४६ डॉलर आहे. गरिबांना ती माफ होऊ शकते आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या नवोदितांना पहिली दोन वर्षे माफ करण्याची तरतूदही अलीकडे झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु वर्ग रद्द होतो, सल्लागार भेटत नाही, अर्धवेळ शिक्षक एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजाकडे धावत असतो, त्याचे कारण या कापलेल्या पैशात आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते: रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले कोरडी राहतात. खंड बदलला, शतक बदलले. तक्रार तीच आहे.

श्रीमंतांसाठी मात्र दारांची टंचाई कधीच नव्हती. मार्च २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश-घोटाळ्यात धनाढ्य आईबापांनी परीक्षेच्या उत्तरपत्रिका बदलून घेतल्या होत्या आणि पोरांना खोटेच खेळाडू ठरवून नामांकित विद्यापीठांत घुसवले होते. त्यासाठी लाखो डॉलर मोजले गेले. मी हे चवीने सांगत नाही. ज्या महिन्यात त्या बातम्या झळकत होत्या त्याच महिन्यात माझे विद्यार्थी वसंत सत्रात आपला साठावा श्रेयांक पुरा करण्यासाठी धडपडत होते, एवढेच नोंदवतो.

आता थोडे घराकडे वळू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आपल्याकडेही ही भाषा आणली आहे. केव्हाही शिक्षण सोडा, केव्हाही परत या. एका संस्थेतले श्रेयांक दुसरीकडे न्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे नियम केले. विद्यार्थ्याच्या नावाने खाते उघडायचे, श्रेयांक त्यात जमा करायचे. कल्पना वाईट आहे असे मी म्हणणार नाही. जयप्रकाशजींना असे खाते मिळाले असते तर त्यांना आनंदच झाला असता. परंतु कॅलिफोर्नियाच्या अनुभवातून मी जे शिकलो ते तुमच्यापुढे स्पष्ट ठेवतो. बँकेत श्रेयांक जमा होतो, जागा जमा होत नाही. तालुक्याच्या कॉलेजात दोन वर्षे उत्तम गुण मिळवलेली मुलगी आपले खाते घेऊन पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजात गेली आणि तिला 'तिसऱ्या वर्षात जागा रिकामी नाही' असे सांगितले गेले, तर त्या खात्याचा तिला उपयोग काय? जेथे पहिल्या वर्षातच सर्व बाक भरून टाकलेले असतात, तेथे तिसऱ्या वर्षात कोणी गळाले तरच जागा होणार. म्हणजे एकाचे शिक्षण मोडल्याशिवाय दुसऱ्याचे पुढे जाणार नाही. ही समाजवादाची रीत नव्हे, साध्या शहाणपणाचीही नव्हे.

आपल्याकडे याहून चांगला नमुना पूर्वीपासून आहे. पदविका झालेल्या विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तेथे गळतीने रिकाम्या होणाऱ्या जागांवरच सारे सोडलेले नाही. मंजूर संख्येच्या वर काही जागा राखलेल्या असतात, गुणवत्ता यादी लागते, सामाजिक आरक्षण लागू होते, तारखा जाहीर होतात. दहावीनंतर पोट भरण्यासाठी तंत्रनिकेतनात गेलेली कितीतरी मुले या दाराने अभियंता झाली आहेत. जे अभियांत्रिकीत जमते ते विज्ञानात, वाणिज्यात, कलाशाखेत का जमू नये?

म्हणून पक्षाच्या विद्यार्थी आणि शिक्षक आघाडीवर काम करणाऱ्या साथींपुढे मी चार मागण्या ठेवतो. पहिली: सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक नामांकित आणि स्वायत्त महाविद्यालयात, विद्यापीठाच्या विभागांतही, मधल्या वर्षाच्या जागा आधीच मोजून राखाव्यात आणि त्यांना सामाजिक आरक्षण लागू असावे. दुसरी: कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोठे मानला जाईल याचे कोष्टक मराठीत, सर्वांना पाहता येईल असे, प्रवेशाच्या एक वर्ष आधी प्रसिद्ध व्हावे, आणि ते नाकारायचे झाल्यास लेखी कारण द्यावे लागावे. तिसरी: विद्यार्थी हलला की त्याची शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा हक्क त्याच्याबरोबर हलावा. चौथी: विद्यार्थी कमी म्हणून तालुक्याच्या कॉलेजातला आवश्यक विषय बंद करू नये, करायचाच झाला तर तो शेजारच्या ठिकाणी शिकण्याची सोय आणि प्रवासाचा खर्च संस्थेने द्यावा. या चौथ्या मागणीत माझी स्वतःची परतफेड आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी पक्षाचा नाही तर मित्रसंघटनेचा एक तरी कार्यकर्ता असा हवा की ज्याने प्रवेशाचे नियम मुळातून वाचले आहेत, ज्याच्याकडे तारखांची वही आहे, आणि ज्याला माहीत नसेल तेव्हा 'माहीत नाही, उद्या पाहून सांगतो' असे म्हणण्याची लाज वाटत नाही. भाषणे करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मीही आज तेच केले. पण एप्रिलच्या त्या दुपारी नकाराचे पत्र माझ्या टेबलावर ठेवून ती मुलगी शांतपणे म्हणाली होती, "सर, आता पुढच्या वर्षीचे कोष्टक आपण दोघांनी मिळून पाहू या." त्या संध्याकाळी आम्ही ते ओळीने वाचले. आपल्या मुलांबरोबर तसे ओळीने वाचायला बसणारी माणसे या वर्गातून तयार व्हावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे.